समुद्र नसलेल्या मुलखातला प्रेक्षक : ‘द लास्ट शिप’चे वऱ्हाडी वाचन

‘द लास्ट शिप’ ही अमेरिकी मालिका टीएनटी वाहिनीवर २२ जून २०१४ रोजी सुरू झाली आणि ५ पर्वे, ५६ भाग चालून नोव्हेंबर २०१८ मध्ये संपली. विल्यम ब्रिंकली यांच्या १९८८ सालच्या कादंबरीवर ती बेतली आहे, पण कादंबरीत जग बुडते ते अणुयुद्धाने आणि मालिकेत एका विषाणूने. ‘नेथन जेम्स’ ही विनाशिका चार महिने आर्क्टिकमध्ये, संदेशवहन बंद ठेवून असते. तेवढ्या काळात जगातली बहुसंख्य माणसे मेलेली असतात. जहाजावर कमांडर टॉम चँडलर, दोनशेवर खलाशी आणि लस शोधणारी डॉ. रेचल स्कॉट. पुढची कथा म्हणजे लस, शत्रू, तोफा आणि पुन्हा लस.

या मालिकेविषयी जी मते सामान्यतः मांडली जातात, ती दोन टोकांची आहेत. एका बाजूला शिस्त, हुकूम, जहाजावरची परिभाषा यांचे कौतुक. चित्रीकरणाला अमेरिकी नौदलाचे सहकार्य होते आणि ते पडद्यावर दिसते. दुसऱ्या बाजूला, ही नौदलाच्या भरतीची लांबलचक जाहिरात आहे, अशी टीका. दोन्ही मतांत तथ्य आहे आणि दोन्ही मते जहाजाभोवतीच फिरतात.

गेल्या काही वर्षांत अमरावती आणि अकोल्यातल्या ओळखीच्या माणसांकडून या मालिकेविषयी मी जे ऐकत आलो, ते मात्र निराळे होते. याला सर्वेक्षण म्हणता येणार नाही. नौदलातून निवृत्त होऊन अकोल्यात स्थायिक झालेले एक गृहस्थ, अमरावतीतल्या एक परिचारिका, कृषी विद्यापीठातला एक विद्यार्थी आणि दर्यापूर तालुक्यातले एक शेतकरी, ज्यांना मुलाने मोबाइलवर मालिका दाखवली आणि इंग्रजी संवाद वऱ्हाडीत सांगत नेले, एवढाच माझा ऐवज. पण या चौघांच्या बोलण्यात एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येत राहिला : जे आहे ते वाटले कोणी आणि कसे? मालिका या प्रश्नाला भिडते तेव्हा चांगली असते आणि तो टाळून गोळीबाराकडे वळते तेव्हा पडते, असे माझे मत या गप्पांतूनच बनले.

पहिले पर्व सर्वांत सरस वाटते ते त्यामुळेच. दुसऱ्याच भागात जहाजाला ग्वांटानामोच्या तळावर इंधन आणि धान्य शोधत जावे लागते. चौथ्या भागात यंत्रणा बिघडते, गोडे पाणी संपत येते, प्रयोगशाळेतले नमुने थंड ठेवायचे की माणसांना पाणी द्यायचे असा पेच पडतो. या भागात फारशी मारामारी नाही, म्हणून कुणाला तो रेंगाळल्यासारखा वाटेल. दर्यापूरच्या शेतकऱ्यांना तोच सगळ्यात जवळचा वाटला. “सारं पानीच पानी, अन् प्याले थेंब नाही. हे तं आपल्याच गावचं हाय,” ते म्हणाले.

खारपाणपट्टा ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतला मोठा भूभाग असा आहे, की विहीर खणली तर पाणी लागते, पण ते खारे. पिण्याला चालत नाही, ओलिताला दिले तर काळी जमीन चोपण होते. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या मुलखाला खाऱ्या पाण्याचे दुःख समुद्रकाठच्या माणसाइतकेच कळते. टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला चँडलरच्या जहाजावरचा पाण्याचा रेशनिंगचा प्रसंग रंजन म्हणून बघता येत नाही. कुणाला किती पेले, याच्याकडे त्याचे लक्ष असते. तिथे मालिका प्रामाणिक आहे, कप्तानालाही खलाशाइतकेच मोजून मिळते.

निवृत्त नौसैनिकाचा आक्षेप दुसराच होता. मालिकेतले जहाज म्हणजे रोगमुक्त बेट. लसीच्या चाचणीसाठी स्वेच्छेने पुढे आलेले मोजके लोक सोडले तर जहाजात साथ शिरत नाही. “जहाजावर एक जण शिंकला की आठवड्यात सगळी मेस शिंकते,” हे त्यांचे वाक्य. आणि प्रत्यक्षात तसेच घडले. मार्च २०२० मध्ये ‘थिओडोर रूझवेल्ट’ या अमेरिकी विमानवाहू जहाजावर करोना शिरला. सुमारे ४,८०० जणांपैकी १,२००हून अधिक बाधित झाले. खलाशांना जमिनीवर उतरवा, असे पत्र लिहिणाऱ्या कप्तान ब्रेट क्रोझियर यांना २ एप्रिलला पदावरून दूर केले गेले. चँडलर वरिष्ठांचे हुकूम मोडतो आणि नायक ठरतो. क्रोझियर यांनी फक्त पत्र लिहिले होते.

आपल्याकडच्या इतिहासात तर जहाज हे आश्रयस्थान नव्हतेच, ते साथीचे वाहन होते. १८९६चा प्लेग मुंबईत मांडवी बंदराच्या परिसरातून पसरला. १९१८चा इन्फ्लुएन्झाही जहाजांतून मुंबईत उतरला आणि तिथून रेल्वेने आत आला. १८६७ साली नागपूरला पोचलेला जीआयपी रेल्वेचा मार्ग अकोला-बडनेऱ्यावरूनच जातो. ज्या रुळांनी वऱ्हाडचा कापूस बंदरात नेला, त्यांनीच बंदरातला ताप वऱ्हाडात आणला. देशभरातल्या मृत्यूंचा अंदाज १ कोटी २० लाख ते १ कोटी ८० लाख असा केला जातो आणि मध्यप्रांत-वऱ्हाड हा सर्वाधिक पोळलेल्या प्रांतांपैकी एक. जमीन रोगट आणि जहाज निर्मळ, ही मालिकेची मांडणी त्यामुळे आपल्याला उलटी दिसते. तिच्यामागे अमेरिकी नौदलावरचा विश्वास आहे. तो आपण उसना घ्यावा, असे काही कारण नाही.

(बाजू समतोल ठेवायची तर हेही नोंदवतो, की त्याच निवृत्त गृहस्थांनी ‘जलाश्व’ची आठवण अभिमानाने काढली. मे २०२० मध्ये या नौकेने मालेहून ६९८ भारतीयांना कोचीला आणले. ही नौका मूळची अमेरिकी नौदलाचीच, २००७ साली आपण घेतलेली. त्या फेरीत एकही गोळी झाडली गेली नाही, म्हणून तिच्यावर मालिका निघणार नाही, असेही ते म्हणाले.)

परिचारिकाबाईंचे बोलणे मला सर्वांत मोलाचे वाटले. पहिल्या पर्वाच्या अखेरीस बाल्टिमोर शहर येते. तिथे ग्रँडर्सन ही बाई वीज, अन्न आणि सुव्यवस्था राखून असते, पण अशक्त-आजारी माणसांना मारून. बाईंना ती खलनायिका कमी आणि परिचित प्रशासक जास्त वाटली. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यात दुसऱ्या लाटेची चाहूल अमरावती विभागाला लागली. २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून शहर पुन्हा बंद झाले, तेव्हा बाकीचा बराचसा महाराष्ट्र सुरू होता. खाट कुणाला द्यायची, हा प्रश्न वॉर्डात उभा राहून ज्यांनी सोसला, त्यांना ग्रँडर्सन ओळखीची वाटणे मी समजू शकतो. तिचा गुन्हा निवड करण्याचा नव्हता, तर निवड लपवून तिला उपचार म्हणण्याचा होता, असे त्या म्हणाल्या. मालिकेवरचे इतके नेमके मत माझ्या वाचनात आलेले नाही.

त्यांची निराशा झाली ती दुसऱ्या पर्वात. डॉ. स्कॉट औषधालाच संसर्गजन्य करते. बरा झालेला माणूस श्वासातून दुसऱ्याला बरा करतो. विज्ञान म्हणून ते कसे का असेना, कथेसाठी ती पळवाट आहे. रांग नाही, शीतपेटी नाही, नोंदवही नाही, कुणाला आधी हा प्रश्न नाही. २०२१च्या उन्हाळ्यात लसीकरण केंद्रावर पहाटेपासूनच्या रांगा ज्यांनी सांभाळल्या, त्यांना ही युक्ती थट्टा वाटली तर नवल नाही. आणि एवढे झाल्यावर पर्वाच्या शेवटी डॉ. स्कॉटवर गोळी झाडली जाते, तिसऱ्या पर्वात ती नाहीच. माझ्या मते मालिकेची ही सर्वांत महागडी चूक. पहिल्या पर्वाचा कस प्रयोगशाळा आणि तोफखाना यांच्यातल्या ओढाताणीत होता. प्रयोगशाळेतले माणूस गेल्यावर तोफखाना उरला. तिसऱ्या पर्वातल्या आशियातल्या राजकारणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. शत्रू बदलतात, एवढेच.

चौथे पर्व मात्र वऱ्हाडात वेगळ्या कानांनी ऐकले जाते. विषाणू आता पिकांवर उतरतो. या रोगाला मालिकेत ‘रेड रस्ट’ म्हणजे लाल तांबेरा म्हटले आहे. उपासमार सुरू होते आणि जहाज भूमध्य समुद्रात रोगाला दाद न देणाऱ्या बियांच्या शोधात फिरते. कृषी विद्यापीठातला विद्यार्थी नावापाशीच अडखळला. गव्हावरचा तांबेरा बुरशीने होतो, विषाणूने नाही आणि माणसाचा फ्लू गवताला होत नाही. त्याचे बरोबर आहे. पण हे पर्व प्रसारित झाले ते २० ऑगस्ट ते ८ ऑक्टोबर २०१७ या काळात. त्याच खरिपात विदर्भातल्या बीटी कपाशीची बोंडे गुलाबी बोंडअळीने आतून पोखरली होती आणि शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावत होते. २००२ साली परवानगी मिळालेल्या बियाण्याने बोंडअळीची चिंता मिटेल, असे सांगितले गेले होते. एका बियाण्यावर सगळी भिस्त आणि त्या बियाण्याची किल्ली दुसऱ्याच्या हातात, ही मालिकेतली परिस्थिती आपल्या लोकांना कल्पित वाटण्याचे कारणच नव्हते. मालिकेतला वेलेक हा शास्त्रज्ञ तर त्या बियांतून माणसाची आक्रमकताच काढून टाकू पाहतो. अन्नाबरोबर आज्ञाधारकपणा पेरण्याची ही कल्पना साऱ्या मालिकेतली सर्वांत धारदार आहे. लेखकांनी ती सागरी झुंजींत वाया घालवली.

चौथ्या पर्वाच्या शेवटी इलाज हाती लागतो. पाचवे पर्व उघडते ते तीन वर्षांनी, तेव्हा जग सावरलेले असते, शेते हिरवी असतात आणि नवे युद्ध सुरू होते. मुलाने हे वऱ्हाडीत सांगितले, तेव्हा दर्यापूरच्या शेतकऱ्यांनी त्याला मोबाइल थांबवायला लावला. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, “बियानं भेटलं, पन वाटलं कोनं? हे मधातले तीन वर्सं कुठी गेले, सर?”