'तक्रार' आणि 'खबर' : पोलिसी संकेतस्थळांच्या मराठीविषयी एक टिपण

अमरावती शहर, अमरावती ग्रामीण आणि अकोला येथील पोलीस दलांची स्वतंत्र संकेतस्थळे आहेत. या साधनाची उपयुक्तता वादातीत होय. प्रस्तुत टिपणाचा विषय आहे तो तेथील भाषा.

पोलिसी मराठी म्हटली की फार्सी-अरबी शब्दांच्या नावाने खडे फोडण्याची आपल्याकडे प्रथा आहे. आमच्या मते हा रोख चुकीचा आहे. 'फिर्याद', 'मुद्देमाल', 'पंचनामा', 'इसम' हे शब्द वऱ्हाडातील शेतकऱ्यास परके नाहीत, 'पो.स्टे.ला रिपोर्ट दिला' हा इकडचा प्रयोगही त्यास सहज कळतो. घोटाळा होतो तो सोप्या भासणाऱ्या शब्दांमुळे.

राज्य पोलिसांच्या नागरिक-सेवांतील 'ई-तक्रार' हा शब्द पाहावा. बोलण्यात तक्रार म्हणजे कोणतेही गाऱ्हाणे. परंतु १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ बोलते ते दखलपात्र गुन्ह्याच्या खबरीविषयी. अशी खबर इलेक्ट्रॉनिक साधनाने देता येते खरी. मात्र देणाराने तीन दिवसांच्या आत सही केली, तरच ती दाखल होते. म्हणजे तक्रार पाठविणे आणि गुन्हा नोंदला जाणे या दोन भिन्न क्रिया होत. 'तक्रार नोंदविली' हा एकच प्रयोग दोहोंस लावल्यास, पोच हाती पडलेला मनुष्य निश्चिंत होऊन घरी बसतो आणि मुदत निघून जाते.

दुसरे उदाहरण प्रथम खबरीचे. संवेदनशील प्रकरणे वगळता ती चोवीस तासांत संकेतस्थळावर ठेवावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी दिला. अडचण असल्यास ही मुदत बहात्तर तासांपर्यंत वाढते. आपल्यावरील आरोप आरोपीस वेळेवर कळावा, हा त्यामागील हेतू. पण तिच्यातील हकीकत पुष्कळदा 'यातील', 'नमूद', 'सदर' यांनी सांधलेले एकच लांबलचक वाक्य असते. 'सदर इसम' म्हणजे मारणारा की मार खाणारा, हे ठरविताना शिकलेला वाचकही अडखळतो. मजकूर प्रसिद्ध होतो. अर्थ मात्र ठाण्यातच राहतो.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ याने कारभाराची भाषा मराठी ठरविली. ती पहिली पायरी होती. दुसरी पायरी सुबोधतेची, आणि तिला नव्या परिभाषाकोशाची गरज नाही. 'पाठविलेली तक्रार म्हणजे नोंदलेला गुन्हा नव्हे. गुन्ह्याची खबर दिली असेल तर तीन दिवसांत सही करा,' एवढी दोन वाक्ये ठळकपणे छापली, तरी पुष्कळ काम होईल.