तुंबा एक की दोन?

सतार शिकू इच्छिणाऱ्याने आधी काय शिकावे? सा रे ग म? छे! आधी नाव शिकावे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन "एक सतार दाखवा" म्हणालात, तर उलट प्रश्न ठरलेला: "रविशंकर की विलायत खाँ?" हॉटेलात पोऱ्याने "साधा की मसाला?" विचारावे, त्याच सुरात. (मिरजेच्या सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण गिऱ्हाईक मानांकन बघत नाही, नाव बघते.)

फरक डोळ्यांनाही कळतो. रविशंकरांच्या धाटणीच्या सतारीला दांडीवर वरती दुसरा तुंबा, अंगभर नक्षी आणि खर्जाच्या जाड तारा. विलायत खाँच्या धाटणीत वरचा तुंबा सहसा नाही, खर्जाच्या तारा नाहीत, नटवेपणा बेताचा. पहिली लग्नाला निघालेली, दुसरी कचेरीला.

आमच्या पनवेलच्या शाखेतल्या कॅशियरसाहेबांनी अर्थातच लग्नाची निवडली. सोसायटीचे कर्ज काढून. जामीन अस्मादिक. रविशंकरांच्या रेकॉर्डी ऐकून माणूस वेडा झाला होता, त्याला कोण अडवणार? पण गंमत पुढेच आहे. भक्ती रविशंकरांची असली, तरी या गृहस्थांच्या कानात लहानपणापासून भरलेली होती नाट्यगीते. हात सारखा बाजाच्या तारेवर जायचा आणि ती ओढून गायकासारखी मींड काढू बघायचा. खर्जाच्या तारा आपल्या बसून. पनवेलच्या जुलैत त्यांना गंज चढला, बाकी काही चढले नाही.

तुम्ही म्हणाल, तारांनी काय होते, हातात असावे लागते. अर्धे खरे. खर्जाच्या तारा हाताशी असल्या की आलाप आपोआप खाली उतरतो, बीन-सूरबहारची चाल धरतो. त्या नसल्या की एकाच पडद्यावर तार खेचून चार-पाच सूर काढायची पाळी येते. म्हणजे दुकानात तुम्ही वाद्य घेत नाही, पुढल्या वीस वर्षांचे वळण घेता. तेही हप्त्यांवर.

आणि ज्यांच्या नावाने हे वळण विकले जाते, त्यांनी कोणाच्या नावाची सतार घेतली होती? १९३८ साली उदयशंकरांच्या नृत्यमंडळीतला पोरसवदा रविशंकर मैहरला अल्लाउद्दीन खाँकडे गेला. तिथे बीन-सूरबहारचा गंभीर आलाप कानी पडला, आणि तो सतारीत आणायचा म्हणून खर्जाच्या तारा महत्त्वाच्या ठरल्या. त्याच वर्षी इनायत खाँ वारले. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा विलायत आजोळच्या गवयांत वाढला. त्याला गायचे होते, पण घरची आज्ञा सतारीची. मग त्याने सतारीलाच गायला लावले, आणि गाण्याच्या आड येणाऱ्या खर्जाच्या तारा पुढे काढून टाकल्या. दोघांनीही आधी कान भरला, मग वाद्य वाकवले. आपण नेमके उलटे करतो. गणित न सोडवता मागच्या पानावरचे उत्तर उतरवून घेतो.

नक्कल करू नये असे माझे म्हणणे नाही. घराणे म्हणजे तरी काय? पण घराण्यात चुकीच्या जागी बोट पडले की गुरू डोळे वटारतो. पावतीला डोळे नसतात.

खरा शिष्य कसा असावा? मला विचाराल तर जॉर्ज हॅरिसनसारखा. बीटल्सचा हा गिटारवाला १९६६ साली रविशंकरांकडे शिकायला आला आणि दोनेक वर्षांत सतार खाली ठेवून गिटारीकडे परतला. लोक म्हणाले, हौस फिटली. पण पुढे तो स्लाइड गिटार वाजवू लागला, ती लक्ष देऊन ऐका. सुरावरून सुरावर घसरत जाण्याची ती ओढ आपल्या ओळखीची वाटते. त्याने तुंबा परत केला, मींड ठेवून घेतली.

आमच्या कॅशियरसाहेबांनीही गेल्या दिवाळीत खर्जाच्या तारा उतरवल्या. आता संध्याकाळी जिन्यात नाट्यपद ऐकू येते, आणि बरे येते. वरचा तुंबा तेवढा ते काढत नाहीत. म्हणतात, पाहुणे आधी त्याच्याकडेच बघतात.