पोलिसी तपासाची कादंबरी आणि जबाबाची भाषा

मराठी रहस्यकथेच्या नायकांकडे पाहिले असता एक गोष्ट चटकन ध्यानात येते. तिचे सर्वांत लोकप्रिय नायक पोलीस खात्याबाहेरचे आहेत. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक कथा लिहिल्या. त्यांतील धनंजय हा खाजगी गुप्तहेर. झुंजार आणि काळा पहाड हे तर कायद्याची चौकट ओलांडून न्याय देणारे वीर. बंगालीत मात्र प्रियनाथ मुखोपाध्याय या पोलीस अधिकाऱ्यानेच १८९२ पासून ‘दारोगार दप्तर’ ही तपासकथांची मालिका लिहावयास घेतली. अर्नाळकरांच्या कथांनी मराठीत फार मोठा वाचकवर्ग घडविला, हे त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. तथापि महानगरातील एका खुनाचा तपास पोलीस ठाण्याच्या आतून दाखविणारी कादंबरी मराठीत परंपरा म्हणून रुजली नाही. ही उणीव केवळ विषयाची नसून दृष्टीची आहे.

खाजगी गुप्तहेराच्या कथेत सत्य उमगले की कथा संपते. पोलिसी कादंबरीची खरी अडचण तेथून पुढे सुरू होते. कारण कळलेले सत्य सिद्ध व्हावे लागते. एड मॅकबेन याने १९५६ पासून लिहिलेल्या ठाण्याच्या कथांत, किंवा शोवाल आणि वालू या स्वीडिश लेखकद्वयाच्या १९६५ ते १९७५ या काळातील दहा कादंबऱ्यांत, एका बुद्धिमंताच्या जागी थकलेल्या, चुकणाऱ्या, वाट पाहणाऱ्या माणसांचा समूह येतो. भारतीय लेखकाला याहूनही तीव्र नाट्य उपलब्ध आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध अग्राह्य ठरविला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही हे तत्त्व कायम ठेवले आहे. तपास पोलिसांवर सोपवावयाचा, पण त्यांच्या कानांवर विश्वास ठेवावयाचा नाही, अशी ही रचना आहे. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी स्पष्टपणे निगडित असलेला माहितीचा अंश तेवढा ग्राह्य होतो. पंचनाम्याला महत्त्व येते ते यामुळेच.

मुंबईतील रामन राघव प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. १९६५-६६ मध्ये आणि पुन्हा १९६८ मध्ये उपनगरांत पदपथावर व झोपड्यांत निजलेल्या गोरगरिबांच्या हत्या झाल्या. रमाकांत कुलकर्णी यांनी तपासाचे नेतृत्व केले. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अॅलेक्स फियालो यांनी संशयितास रस्त्यावर ओळखून पकडले. गुप्तहेरकथा येथेच थांबली असती. प्रत्यक्षात त्यानंतर आरोपीचे दीर्घ मौन आले. मग लपविलेले हत्यार त्याने दाखवून देणे आले, फाशीची शिक्षा आली, आणि अखेर मनोविकाराच्या कारणावरून १९८७ मध्ये तिचे जन्मठेपेत रूपांतर झाले. खून कोणी केला, या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावरही न्याय म्हणजे काय, हा प्रश्न जवळजवळ दोन दशके उरला. कादंबरीचे क्षेत्र हे दुसऱ्या प्रश्नाचे आहे.

या क्षेत्रात भाषेचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे, आणि तो जळगाव-धुळ्याच्या अभ्यासकाला विशेष जवळचा वाटावा. मुंबईतील तपासाचे धागे पुष्कळदा मुंबईत संपत नाहीत. ते कामधंद्यासाठी शहरात गेलेल्या माणसाच्या गावापर्यंत येतात. समजा, असा एक तपास धुळे जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात आला. साक्षीदार अहिराणीत बोलतो; रावेर-यावलकडे तो लेवा बोलीत बोलेल, सातपुड्यात पावरीत. जबाब मात्र ‘सदर इसम’, ‘मयत’, ‘समक्ष’ अशा दप्तरी मराठीत उतरतो. अहिराणीतील ‘शे’ चे ‘आहे’ होण्यात फारसे बिघडत नाही. परंतु साक्षीदाराचा अडखळ, त्याची शंका, ‘असेलही, नसेलही’ असा त्याचा सूर लेखनिकाच्या निश्चयी वाक्यात नाहीसा होतो.

हा केवळ शैलीचा प्रश्न नव्हे. पोलिसांपुढील जबाबावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही. खटल्यात त्याचा उपयोग मुख्यतः साक्षीदाराच्या बोलण्यातील विसंगती दाखविण्यासाठी होतो. म्हणजे जे वाक्य साक्षीदाराने त्या शब्दांत कधी उच्चारलेच नाही, त्याच वाक्याने तो न्यायालयात खोटा ठरू शकतो. त्याची बोली ही त्याची साक्ष, आणि दुसऱ्याने केलेले तिचे प्रमाणीकरण हा त्याच्यावरील आरोप, असा विपर्यास घडतो. आजच्या कायद्याने जबाबाच्या दृक्‌-श्राव्य मुद्रणास वाव दिला आहे. पण मुद्रित झालेली बोली ऐकून समजून घेणारा कान यंत्र पुरवीत नाही.

ठाण्याची डायरी, पंचनामा, जबाब ही सामग्री रूक्ष असून तिच्यात रसनिष्पत्ती होणार नाही, असा आक्षेप येईल. तो वरवरचा आहे. रूक्षता कागदात आहे. कागद आणि माणूस यांच्यातील अंतरात करुणही आहे व भयानकही. प्रेताची बोटे मोजून लिहिणारा हवालदार, सही करण्याच्या भीतीने मागच्या दाराने निघून जाणारा पंच, आणि आपलाच जबाब परक्या भाषेत ऐकून ‘हे मी म्हटले का?’ असे विचारणारा खानदेशी मजूर ही पात्रे अद्याप मराठी कादंबरीची वाट पाहत आहेत. काळा पहाडाला पंचांची गरज पडली नाही, कारण त्याला कोणी उलटतपासणीत अडविणार नव्हते. ज्या कादंबरीत सत्यालाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागेल, ती कादंबरी वाचकाला खुनी कोण एवढे सांगून थांबणार नाही. कोणाचे म्हणणे कोणाच्या शब्दांत नोंदले गेले, हे विचारावयास ती त्याला शिकवील.