खिडकी हवी, मोकळीकही हवी

अंतर्गत सजावटीने मन निरोगी राहते, असे सांगितले जाते. यात तथ्य किती? शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदींचा रॉजर उलरिक यांचा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले.

आता मांडवीच्या किनाऱ्यावरून रत्नागिरीतल्याच थिबा राजवाड्याकडे वळू. १९१० साली ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी बांधलेली ही वास्तू. कोरीव लाकडी खिडक्या, रंगीत काचा, समोर खाडी. तरी राजा नजरकैदेतच राहिला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. एका उदाहरणाने सिद्धान्त मोडत नाही. त्याची मर्यादा मात्र कळते. खिडकी दृश्य देते, मोकळीक नाही.

आपल्या वर्गात खिडकी कधी उघडायची, बाके कशी मांडायची, हे कोण ठरवते?