प्रा. ना. सी. फडके यांचें कथातंत्र : एक परीक्षण

पोथ्या, बखरी व दफ्तरें यांच्या शोधांत रमणाऱ्या या त्रैमासिकाच्या वाचकांस लघुकथाकारावरील लेख कदाचित् अस्थानीं वाटेल. परंतु ज्यांची पहिली कथा १९१२ सालीं 'केरळकोकिळ' मासिकांत प्रसिद्ध झाली, त्यांस शंभराहून अधिक वर्षें लोटल्यावर इतिहासाच्या कक्षेबाहेर ठेवणें योग्य नव्हे.

नारायण सीताराम फडके यांचा जन्म ४ ऑगस्ट १८९४ रोजीं अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यांतील कर्जत येथें झाला. तत्त्वज्ञानाचे अध्यापक म्हणून त्यांची बहुतेक हयात कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयांत गेली. १९४० सालीं रत्नागिरीच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद व १९६२ सालीं 'पद्मभूषण' हे सन्मान त्यांस लाभले. २२ ऑक्टोबर १९७८ रोजीं ते निवर्तले. आमच्या जिल्ह्यांत त्यांचें नांव अभिमानानें घेतलें जातें. मात्र कर्जतची अवर्षणग्रस्त जमीन त्यांच्या कथांत धुंडाळणाऱ्यास रिक्त हस्तानेंच परतावें लागेल. त्यांची सृष्टि सुशिक्षित, नागर मध्यमवर्गाची आहे. हा दोष मीं मानीत नाहीं. लेखकानें जन्मभूमीचें ऋण विषयनिवडीनेंच फेडावें असा कोठें नियम आहे?

खरा प्रश्न त्यांच्या तंत्राचा आहे. १९३१ सालीं निघालेल्या 'प्रतिभासाधन' या ग्रंथांत त्यांनीं कथानकाची गुंतागुंत, निरगाठ व उकल यांचें विवेचन केलें. ही विद्या परदेशी, असा आक्षेप घेतला जातो. त्यांचे गुरु पाश्चात्त्य होते हें खरें. तथापि मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श व निर्वहण हे पांच संधि ज्यानें पढविले आहेत, त्या संस्कृताच्या शिक्षकास येथें सर्वस्वीं परकें असें फारसें आढळत नाहीं. बीज पेरावें, तें दिसेनासें व्हावें, पुन्हां उगवावें व फळावें, ही व्यवस्था भरताच्या नाट्यशास्त्रांतही आहे. मात्र आनंदवर्धनानें यापुढें जाऊन एक इशारा दिला आहे : संधि व त्यांचीं अंगें रसाकडे दृष्टि ठेवून योजावीं, केवळ शास्त्राज्ञा पाळावयाची म्हणून नव्हे. फडके यांच्या कथांची परीक्षा मीं याच कसोटीवर करतों.

जेथें त्यांची नजर पात्राच्या मनावर खिळलेली असते, तेथें सुरुवातीचीं दोन वाक्यें वाचतांच वाचक आंत ओढला जातो, आणि भाषा इतकी निर्मळ कीं तिचें अस्तित्वच जाणवत नाहीं. परंतु पुष्कळ कथांत उकल आधीं ठरते व माणसें मागाहून तिच्यासाठीं जमविलीं जातात. निरगाठ सुटते, पण ती कोणाच्या काळजाला बसलेली नसल्यामुळें सुटल्याचा आनंद क्षणिकच.

'कलेसाठी कला' कीं 'जीवनासाठी कला' या फडके-खांडेकर वादाचा गाजावाजा फार झाला. त्या धुरळ्यांत ही तंत्राविषयींची मूळ शंका बाजूस राहिली, असें माझें मत आहे. पुढें १९४५ नंतर गाडगीळ, गोखले, भावे व माडगूळकर यांच्या नवकथेनें ती कृतीनें उपस्थित केली, आणि 'तंत्र' हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला जाऊं लागला. हाही अन्यायच! लघुकथा ही रचावयाची वस्तु आहे, हें मराठी वाचकास ज्यांनीं पटविलें त्यांत फडके अग्रभागीं होते.

आतां संग्राहकांशीं दोन शब्द. कथाकाराचा विकास त्याच्या संग्रहांवरून ठरविणें धोक्याचें असतें, कारण संग्रहाचें साल तें कथेचें साल नव्हे. मासिकांतील पाठ व पुस्तकांतील पाठ ताडून पाहिल्यावांचून माझें वरील मतही कच्चेंच समजावें. पोथीच्या दोन प्रतींतील एका मात्रेसाठीं आपण रात्री जागवितों. मग १९२६ सालीं निघालेल्या 'रत्नाकरा'चे अंक कपाटाच्या तळाशीं कां? काहीं वर्षांपूर्वीं एका वाचनालयाच्या दाराशीं जुन्या मासिकांचे गठ्ठे रद्दीवाल्याच्या तराजूंत चढतांना मीं पाहिले. खिशांत होते तेवढ्या पैशांत सात अंक सोडविले. त्यांतील दोघांस मुखपृष्ठ नाहीं, एकास शेवटचा फर्मा नाहीं. ज्यांच्यापाशीं 'रत्नाकर' अथवा 'केरळकोकिळ' यांचे अंक असतील, त्यांनीं निदान अनुक्रमणिकेची नक्कल मंडळाकडे धाडावी. ताडणीचें काम करावयास मी तयार आहें.