ब्राह्मीची जाहिरात आणि ब्राह्मीचा प्रयोग

वडवणीच्या एका शिक्षकांनी मला औषधाचे रिकामे खोके पाठवले. सोबत चिठ्ठी होती : ‘दहावीच्या मुलांचे पालक विचारतात, घ्यावे का?’ हे पालक बहुतेक ऊसतोडीला जाणारे. खोक्यावर हसरा मुलगा, ब्राह्मीचे पान आणि ‘शास्त्रीय कसोटीवर सिद्ध’ हे शब्द. कसोटी कोणती, हे मात्र लिहिलेले नाही.

मुळात ब्राह्मी कोणती? आपल्याकडे दोन वनस्पतींना हे नाव आहे. एक बकोपा मोनिएरी. पाणथळ जागी पसरणारी, बारीक, जाडसर पानांची. दुसरी सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी. तिचे पान वाटोळे, मूत्रपिंडाच्या आकाराचे. दोघींची कुळेही वेगळी. खोक्यावर चित्र दुसरीचे आणि घटकांत नाव पहिलीचे!

बकोपातील बॅकोसाइड ही द्रव्ये लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत 1960 च्या दशकात वेगळी करण्यात आली. बॅकोसाइड-ए हे एकच संयुग नसून अनेक सॅपोनिनांचे मिश्रण आहे, हे पुढे कळले. माणसांवरील प्रयोगांपैकी 2002 साली ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झालेला प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. त्यात 40 ते 65 वर्षे वयाची 76 माणसे होती. काहींना ब्राह्मीचा अर्क, तर काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी देण्यात आली. कोणाला काय मिळते हे घेणाऱ्याला ठाऊक नव्हते. तीन महिन्यांनंतर अर्क घेणाऱ्यांत नव्याने शिकलेली माहिती विसरण्याचे प्रमाण कमी आढळले. शिकण्याचा वेग मात्र वाढला नाही.

निष्कर्ष प्रामाणिक आहे, कुतूहल वाढवणाराही आहे. पण तो प्रौढांचा आहे, पंधरा वर्षांच्या मुलांचा नाही. शिवाय तीन महिन्यांचा आहे. परीक्षेच्या तोंडावर महिनाभर बाटली घेणाऱ्याला त्याचा आधार घेता येणार नाही. काहींना ब्राह्मीने मळमळ होते, पोट बिघडते; खोके याबाबत गप्प आहे.

राहिले माहितीपत्रकातले ‘अनुभव’. औषध घेतले आणि गुण वाढले! परंतु डिसेंबरात औषध सुरू करणारा मुलगा त्याच सुमारास अभ्यासालाही लागतो. वर्गात हे सहज पडताळता येईल. वीस शब्दांची यादी मुलांना वाचून दाखवा, आठवतील तेवढे लिहायला सांगा. दोन दिवसांनी तीच यादी पुन्हा द्या. कोणतेही औषध न देता बहुतेकांचे आकडे वाढलेले दिसतील. म्हणून तर तुलनेसाठी दुसरा गट लागतो.

त्या शिक्षकांना मी ‘घेऊ नये’ असे कळवले. खोके मात्र ठेवून घेतले आहे. त्यावर रोज किती चमचे घ्यायचे ते ठळक छापले आहे. एका चमच्यात बॅकोसाइड किती, हे कुठेच नाही.