ओळखपत्रासोबतचे उत्तर : परिचारिकांमधील छळावरील एका उपायाची चिकित्सा

परिचारिकांमधील परस्पर छळाच्या अभ्यासात मार्था ग्रिफिन यांच्या २००४ मधील शोधनिबंधास महत्त्वाचे स्थान आहे. अमेरिकेतील बोस्टन येथे नव्याने रुजू झालेल्या २६ परिचारिकांना त्यांनी छळाचे दहा नित्य प्रकार समजावून दिले. भुवया उंचावणे, टोमणे मारणे, माहिती दडविणे, एकीवरच सारा दोष ढकलणे, पाठीमागे निंदा करणे इत्यादी. प्रत्येकावरील शांत उत्तराचा सराव करून घेऊन ती उत्तरे छापलेली कार्डे ओळखपत्रासोबत बाळगावयास दिली. वर्षभरानंतरच्या गटचर्चांतून, ज्यांनी असे उत्तर दिले त्यांच्या बाबतीत छळ थांबल्याचे दिसून आले.

या उपायाचे मोल नाकारता येत नाही. अपमानाच्या क्षणी शब्द सुचत नाहीत. ते आधी घोटलेले असल्यास नवखी परिचारिका स्वतःलाच दोषी मानण्यापासून वाचते. मात्र त्यामागील गृहीतक तपासावयास हवे. ग्रिफिन या वर्तनास ‘समस्तरीय हिंसा’ म्हणतात. ही संकल्पना सुझन जो रॉबर्ट्स यांच्या १९८३ मधील विवेचनाशी नाते सांगते. पावलो फ्रेरे यांच्या विचारांच्या आधारे रॉबर्ट्स यांनी परिचारिकांना पीडित समूह मानले. वरच्यांवर राग काढता येत नाही, म्हणून तो आपल्यांतच निघतो. सासुरवास सोसलेली सून सासू झाल्यावर तेच करते, हे मराठी वाचकास निराळे सांगावयास नको. परंतु सासू आणि सून समान स्तरावर नसतातच! पाळ्या लावणारी, कामाचे मूल्यमापन करणारी वरिष्ठ परिचारिका आणि काल रुजू झालेली मुलगी यांच्यातील अंतर ‘समस्तरीय’ या विशेषणात लोपून जाते. मारी हचिन्सन व त्यांच्या ऑस्ट्रेलियातील सहकाऱ्यांनी २००६ मध्ये छळाचे मूळ संस्थेतील सत्ताव्यवहारात शोधण्याचा आग्रह धरला, तो यामुळेच अधिक पटतो.

माहिती दडविण्याच्या प्रकारात ही उणीव ठळक होते. पाळी बदलताना औषधातील बदल सांगितला गेला नाही, तर सोसावे लागते रुग्णास. ही माहिती आधी मिळावयास हवी होती, या आशयाचे कार्डावरील उत्तर सौजन्यपूर्ण खरे. रुग्णाच्या दृष्टीने ते उशिराच येते. अमेरिकेतील जॉइंट कमिशनने जुलै २००८ मध्ये अशा वर्तनाचा संबंध वैद्यकीय चुकांशी जोडला आणि जानेवारी २००९ पासून आचारसंहिता व कार्यपद्धती ठेवण्याची जबाबदारी रुग्णालयांच्या नेतृत्वावर टाकली. ग्रिफिन यांच्या प्रयोगातील प्रशिक्षण मात्र नवोदितांपुरतेच होते. भुवया उंचावणाऱ्या वरिष्ठांच्या हाती कोणतेही कार्ड नव्हते.